सल्लागाराच्या पानातली भाकर

आज सकाळी आमच्या ओट्यासमोरून एक बैलगाडी गेली. गाडीत नव्या ज्वारीची कणसं, वर फाटकी ताडपत्री. ताडपत्रीखालून वास येत होता, ओल्या पोत्याचा, आंबूस, घशाशी बसणारा. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला आणि विचारलं, "कायचा वास गं हा, सुमन?" मी म्हटलं, "ज्वारीचा." त्या हसल्या. अमरावतीत जन्म काढलेल्या बाईला ते खरं वाटेना. भाद्रपद सरत आला आहे, परवापासून झड लागली आहे, आणि गेली काही वर्षं या दिवसांत हा वास रस्त्यावर येतो. तो आला की माझं वाचणं-लिहिणं थांबतं.

माझ्या लहानपणी या दिवसांना असा वास नव्हता. पोळा होऊन गेलेला असे, बैलांच्या शिंगांवरचा हिंगूळ अजून पुरता उतरलेला नसे, आणि भातकुलीच्या वाटेवर दोन्ही अंगांना ज्वारी नुसती हिरवी, उंच, आत अंधार धरून उभी असे. तिला कसलीही घाई नव्हती. हस्ताचा पाऊस ती डोक्यावरून जाऊ द्यायची, दसरा जाऊ द्यायची, आणि दिवाळीनंतर थंडी पडून हवा कोरडी झाली की मग सावकाश दाणा टणक करायची. "हे कणीस पंचांग पाहून पिकते, सुमे," मामा म्हणायचा. "तुह्या आजोबापेक्षा बारीक पाहते." आजोबा, म्हणजे मामाचे वडील, भिक्षुकी करत. ते पाटावरूनच म्हणत, "मग सत्यनारायणाले बी त्या कणसालेच बोलावत जा."

माधवमामा हा आईचा धाकटा भाऊ. भिक्षुकाच्या घरात जन्मला आणि वनस्पतिशास्त्राचा डॉक्टर झाला. अकोल्याला राहायचा, आणि त्याच्या अभ्यासाचा विषय एकच होता: ज्वारी. कपाशीच्या गावात राहून ज्वारीचा अभ्यास करणाऱ्या माणसाकडे लोक जरा कीव केल्यासारखं बघत. त्याला त्याचं काही नव्हतं. भातकुलीच्या पुढे त्याचा शाळेतला मित्र गुलाबराव याचं शेत होतं. त्या शेताच्या एका कोपऱ्यात मामा वर्षानुवर्षं वेगवेगळी बियाणी पेरून बघत असे. तो भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारट, पिकाला देता येत नाही. वरून पडेल तेवढाच पाऊस आणि खाली काळी जमीन. माणसाची भाकर आणि बैलाचा कडबा, दोन्ही ज्वारीवरच. मामा शेतात उकिडवा बसला की गुलाबराव बांधावरून ओरडत, "अबे माधव, का शोधून राहिला बे? अंगठी हरपली का बायकोची?" त्यांच्या घरून वच्छलाकाकू, म्हणजे गुलाबरावांच्या पत्नी, भाकर आणि ठेचा पाठवत. मामा मातीच्या हातानेच जेवत असे.

मग मामाला मुंबईहून बोलावणं आलं. धान्यवाढीसाठी सरकारने सल्लागार समिती नेमली होती आणि ज्वारीचा जाणकार म्हणून तीवर मामा होता. आमच्या घरी पेढे आले. सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. मी वाढले ती पत्रकांच्या घरात. बाबा वकील, पण त्यांच्याकडे अशील कमी आणि पत्रकं जास्त. गिरणीकामगार, शिक्षक, वेगळा विदर्भ, संयुक्त महाराष्ट्र, ज्याला ज्याला काही म्हणायचं असेल तो बाबांकडून मजकूर लिहून घ्यायचा. गुलाबी आणि पिवळ्या कागदांच्या कोऱ्या पाठींवर मी गणितं सोडवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. त्या पत्रकांत मागण्या बदलत, पण एक मागणी बहुतेकांत असायची: निर्णय घेण्याआधी जाणणाऱ्या माणसांना विचारा. आणि आता सरकारने विचारलं होतं, तेही माझ्या मामाला. मला वाटलं, आपण जिंकलो.

तेव्हा देशात धान्य नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. रेशनच्या रांगेत मी उभी राहिले आहे. परदेशातून आलेला लाल गहू आम्ही खाल्ला आहे आणि त्या पोळ्यांवर आईने मान खाली घालून तूप लावलं आहे. त्यामुळे नवं संकरित बियाणं आलं, त्याचं कणीस हातात घेतलं, तेव्हा माझेही डोळे दिपले. ठेंगणं झाड आणि त्यावर गच्च भरलेलं कणीस. गावठी ज्वारीच्या मानाने किती तरी जास्त दाणा. मामाही खोटं बोलला नाही. म्हणाला, "बियाणं चांगलं आहे. पण त्याले घाई आहे. हे आपल्याकडं पाऊस अंगावर असतानाच पिकते. अन् पिकला दाणा भिजला की बुरशी धरते."

गुलाबरावांच्या अर्ध्या शेतात ते पेरून बघितलं होतं. त्या भाद्रपदात मी मामाबरोबर गेले. एका अंगाला गावठी ज्वारी अजून हिरवी, निवांत. दुसऱ्या अंगाला नवी, पिकून वाकलेली, आणि वरून पाऊस. दाणे आधी गुलाबी झाले होते, मग राखेसारखे, मग काळे. बोटात चुरडला तर दाण्याचा भुगा होत होता. गुलाबराव म्हणाले, "पोतं भरते, माधव. मी नाई म्हनत नाई. पन पोत्यात काय भरते ते पाय."

मामाने मुंबईला टिपण पाठवलं. या पट्ट्यात हे बियाणं सरसकट नको. पाऊस सरल्यावर पिकेल असं बियाणं तयार होईपर्यंत निम्मी जमीन गावठी ज्वारीखाली राहू द्या. उत्तर आलं की नोंद घेतली आहे. मग गुलाबरावांच्या गावाने, जिथे आणखीही काहींनी ते पेरून बघितलं होतं, अर्ज केला की भाकर काळी होते, कडू लागते. त्याचीही नोंद घेतली गेली. आणि त्याच वेळी अशी बातमी होती की पुढच्या ज्येष्ठात ते गाव आदर्श म्हणून सगळंच्या सगळं नव्या बियाण्याखाली आणायचं. जो ते पेरील त्यालाच खत.

मी मामाला म्हटलं, "सभा घे. पत्रक काढू. मी लिहिते."

"सल्लागारानं सभा घ्यायची नसते, सुमे. त्यानं सल्ला द्यायचा."

"आणि ऐकला नाही तर?"

"पुन्हा द्यायचा."

मी इतकी चिडले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण मामा स्वस्थ बसला नव्हता. पुढच्या बैठकीत त्याने एक गोष्ट केली, आणि ती मला अजूनही शहाणपणाचीच वाटते. तो म्हणाला, माझ्या टिपणावर जाऊ नका, आकड्यांवर जाऊ नका. तुम्ही या आणि त्या ज्वारीची भाकर खा. खाऊन मग ठरवा. कागदाला कंटाळलेल्या लोकांना ही कल्पना आवडली. दसरा झाल्यावर मुंबईचे मोठे साहेब येणार, जिल्ह्याचे अधिकारी येणार, गुलाबरावांच्या घरी सगळे नव्या ज्वारीची भाकर खाणार, आणि त्या भाकरीवरून पुढच्या पेरणीचा निर्णय होणार. मामाने गुलाबरावांना निरोप धाडला: नव्या ज्वारीचीच भाकर करा, बाकी काही झाकू नका. मामा इतका खुशीत मी त्याला क्वचितच बघितला होता. "या वेळी जिभेनं टिपण वाचतील," तो म्हणाला.

ते अंगण मला आजही दिसतं. शेणसडा घातलेला, रांगोळी काढलेली, पाट मांडलेले. अर्ध्या गावातून पाट आणि पितळेचे तांबे गोळा केले होते. पाऊस गेला होता आणि ऊन असं स्वच्छ होतं की निंबाच्या पानांची सावलीसुद्धा मोजून घ्यावी. दोन जीपगाड्या आल्या. फोटो काढणारा आला. गुलाबराव नवं धोतर नेसून दारात उभे होते. मामाने हाक मारली, "काय गुलाब!" गुलाबरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "या सायेब." मामा थबकला, मग हसला.

पानं वाढली गेली. वांग्याची भाजी, वरण, ठेचा, कांदा. आणि मग भाकर आली.

भाकर पांढरी होती.

पातळ, मोठी, काठ न फाटलेली, पापुद्रा सुटलेली. मुंबईच्या साहेबांनी तुकडा मोडला, खाल्ला, आणखी एक घेतली. माणूस वाईट नव्हता. मनापासून जेवत होता. "वा!" तो म्हणाला. "आमच्या घाटावरच्या भाकरीच्या तोंडात मारील अशी आहे. काळी कुठे आहे हो?" जिल्ह्याचे अधिकारी हसले. फोटो काढणारा पुढे झाला. मी मामाकडे बघितलं. त्याने तुकडा तोंडाजवळ नेला होता आणि तिथेच थांबवला होता. त्या भाकरीचा वास त्याला कळला होता. मलाही कळला. आमच्याकडे जमिनीत खोल पेव खणून त्यात धान्य साठवतात. त्या धान्याला पेवाचा एक उबट वास लागतो, तो भाजूनही जात नाही. ही मागच्या सालची गावठी ज्वारी होती. गुलाबरावांनाही कळलं. त्यांचा हात पानातच राहिला. मग त्यांनी मामाकडे बघितलं, आणि मामाने त्यांच्याकडे. फक्त सरकारला कळलं नाही.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "तुमचं टिपण जरा जास्तच घाबरलेलं होतं, नाही का?"

मामाने तो तुकडा खाल्ला. म्हणाला, "भाकर चांगली आहे."

मी उठले आणि आत गेले. वच्छलाकाकू चुलीपुढे होत्या, तोंड धगीने लाल झालेलं.

"काकू, ही नव्या ज्वारीची नाही."

"नाई."

"मामानं निरोप दिला होता ना?"

"देला होता. थे पाय तिकडं."

कोपऱ्यात परात होती, फडक्याने झाकलेली. फडकं उचललं. आत राखी रंगाच्या पिठाचा गोळा होता, चिरा पडलेला, आणि बाजूला भाजलेल्या दोन-तीन भाकरी, काठाला फाटलेल्या, पाटीसारख्या काळसर.

"मी केल्या होत्या," काकू म्हणाल्या. "पयले त्याच केल्या. वाढाले उचलल्या बी. आन् बाहेर पाह्यलं तं एवढी मानसं माह्या दारात पाटावर बसली होती. मले नाई झालं बाई."

"अहो, पण त्यांना तीच दाखवायची होती! त्याच्यावर पुढचं साल ठरणार होतं!"

"दाखवाची होती तं फडक्यात बांधून मुंबईले न्याची होती. पानात कावून वाढू मी? आमी खातो थे आमचं. पावन्याले कोनी देते का असं?" आणि मग तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या, "तुले आनू का एक? उपाशी उठली वाटते पोट्टी."

मी माझ्या पत्रकांतला एकेक शब्द आठवून बघितला. शोषण, पिळवणूक, दडपशाही. त्या चुलीपुढे एकही शब्द उभा राहीना. इथे कोणी कोणाला दडपलं नव्हतं. एका बाईने आपल्या घरची रीत पाळली होती, आणि त्या रीतीने तिच्या पोराबाळांचं पुढचं साल घालवलं होतं.

संध्याकाळी मामा आमच्याकडे उतरला. मी दारातच त्याला गाठलं. "तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" तो म्हणाला. "या बाईनं सरकारले फसवलं म्हणू? तिच्या पाटावर बसून, तिची भाकर हातात धरून? फोटोवाल्यासमोर?"

"मग उद्या कळव."

त्याने कळवलं. नावं न घेता, जेवणाच्या वेळी धान्याची गफलत झाली असावी असं. त्यावर उत्तर आलं की आपण स्वतः त्या वेळी उपस्थित होतात आणि भाकर चांगली असल्याचं आपणच म्हणाला होतात. यात खोटं काहीच नव्हतं.

"राजीनामा दे," मी म्हटलं.

"दिला समज. मग? माझ्या जागी जो येईल त्याले ज्वारीचं अन् बाजरीचं कणीस वेगळं ओळखता येईल का, सांग."

जाणणारा माणूस आत असला की त्याचं तोंड मिटतं, आणि बाहेर आला की आत जाणणारं कोणी उरत नाही. या दोन्हींच्या मधे उभं राहायला जागा असली पाहिजे असं मला वाटतं. ती मी शोधते आहे. मामा शोधायचा थांबला आहे.

तेव्हा मी पत्रक लिहायला बसलेच. मथळा लिहिला. पहिला परिच्छेद झकास जमला. मग "धिक्कार असो" इथे आले आणि थांबले, कारण त्याच्या आधी एक नाव लागतं. साहेबांचं लिहावं तर त्यांनी समोर वाढलेलं खाल्लं. मामाचं लिहावं तर तोच एक माणूस होता ज्याने आधी सांगितलं होतं. आणि खरं काय झालं ते छापावं तर वच्छलाकाकूंना गावभर खोटारडी ठरवावं लागत होतं. बाबांनी मागून वाचलं. त्यांनी आयुष्यात कोणाला मजकूर नाकारलेला नव्हता. "राहू दे," एवढंच म्हणाले आणि दिवा पुसायला लागले.

पुढच्या ज्येष्ठात सगळं शिवार नव्या बियाण्याखाली आलं. श्रावणात तिथून जाताना मला ते सुंदर दिसलं, हे मी लपवणार नाही. कात्रीने कापल्यासारखं एका उंचीचं पीक, कणसं गच्च, नजर जाईल तिथपर्यंत. पुन्हा फोटो निघाले. मग भाद्रपदात झड लागली. आकाश इतकं खाली आलं की गावातल्या निंबाचे शेंडे दिसत नव्हते. कणसं पिकून तयार आणि कापायला उघडीप नाही. शिवार आधी गुलाबी झालं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, काही तरी फुललं आहे. मग काळं. काही कणसांना उभ्याउभ्याच कोंब फुटले. कडबा आखूड, तोही सडका, बैल त्याला तोंड लावून मान फिरवत. आणि पेवात मागच्या सालचं आता काही राहिलेलं नव्हतं.

या सगळ्याला काही वर्षं झाली. मामा अजून त्या समितीवर आहे. दरवर्षी टिपण लिहितो, आणि त्याची भाषा दरवर्षी अधिक गुळगुळीत होत चालली आहे. सरकार काही ऐकत नाही असंही नाही. पावसानंतर पिकणाऱ्या नव्या बियाण्यावर काम चालू आहे म्हणे. ते येईलही. शास्त्राला वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण भाकर रोज लागते. हे दोन वेळ एकमेकांना भेटत नाहीत, आणि ज्या बाकावर ते भेटायला हवेत तिथे माझा मामा बसलेला आहे, चांगला माणूस, गप्प. माझ्या रागाला बसायला जागा नाही. रात्रभर फिरत राहणाऱ्या माणसासारखा तो माझ्यात फिरतो.

त्या काळ्या सालच्या आश्विनात मामा एकदा जीपशिवाय आला. मला म्हणाला, "चल, गुलाबकडे जाऊ." आम्ही बसने भातकुलीला उतरलो आणि पुढे चालत गेलो. मामाचे बूट चिखलाने जड झाले. त्याने ते हातात घेतले. घरात शिरलो तेव्हा चूल पेटलेली होती आणि भाकरीचा वास होता, तो कडवट. भिंतीशी टोपलं होतं, फडक्याने झाकलेलं. गुलाबराव बाजेवरून उठले. "या सायेब."

"अबे गुलाब, मी एकटाच आलो आहे. कोणी सायेब नाही संगं." मग मामा खाली, जमिनीवरच बसला. "वहिनी, आज जेवूनच जाणार मी. जे असेल ते वाढा."

वच्छलाकाकू टोपल्याच्या पुढे झाल्या. "आज सैपाक झालाच नाई."

"वास येऊन राहिला ना भाकरीचा."

"थो शेजारचा."

"वहिनी," मामाचा आवाज बदलला, "मले तीच खायची आहे. मी मागून घेऊन राहिलो. अर्धी द्या."

मी मनात म्हणत होते, द्या काकू, एकदा द्या. गुलाबराव जमिनीकडे बघत होते. काकूंनी पदर सावरला, चुलीवर पाणी ठेवलं, आणि शेजारून कपबशा आणवल्या. चहा केला. बशीत बिस्किटं ठेवली, बहुधा पोराला दुकानात पिटाळून आणलेली. मामाने चहा प्यायला. बिस्किटाला हात लावला नाही. काकूंनी ते बघितलं, आणि त्यांना वाईट वाटलं, कारण पाहुणा काही न खाता निघाला होता.

गुलाबराव आम्हाला फाट्यापर्यंत पोचवायला आले. दोन्ही बाजूंना कापलेलं शिवार, आणि खुंटांवर सांडलेले काळे दाणे, जे पाखरंही टिपत नव्हती. बस दुरून दिसली तेव्हा मामा म्हणाला, "पुढल्या महिन्यात बैठक आहे, गुलाब. हा विषय मी पुन्हा मांडणार आहे."

"मांडा ना, सायेब," गुलाबराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तोवर आमी खाऊन राहिलो."